जंतूंची स्वयंपाकीण

गुरुवारी बातमी जाहीर झाली आणि शुक्रवारी कॉर्बिनव्हिलच्या पेपरात पहिल्याच पानावर लव्हर्न टॉलिव्हरचा फोटो आला.

खरं तर फोटो तिचा काढायचा नव्हता. गावातल्या जंतुसंशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. रोलंड ब्रॅकेट आणि त्यांची माणसं पांढरे कोट घालून रांगेत उभी होती, पण फोटोग्राफरला सगळंच फार पांढरं पांढरं वाटत होतं. तेवढ्यात लव्हर्न लाल बाटल्यांचा ट्रे घेऊन मागच्या दारातून आत आली. "थांबा, थांबा! तशाच उभ्या राहा," तो म्हणाला. ती राहिली. दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं, 'माणसाने घडवलेल्या पहिल्या जिवाचं अन्न शिजवणाऱ्या लव्हर्न टॉलिव्हर'.

शोधनिबंधावर चोवीस जणांची नावं होती. त्यात तिचं नव्हतं, आणि असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. आता गंमत अशी झाली की त्या चोवीसांतलं एकही नाव गावात कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि तिचं मात्र सगळ्यांच्या तोंडी झालं.

लव्हर्न अठ्ठावन्न वर्षांची होती. सोळा वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. जड पातेली उचलून कंबर धरायला लागली तेव्हा ती संस्थेत काचसामान धुवायला लागली, आणि दोन वर्षांत जंतूंचं खाणं बनवायचं काम तिच्याकडे आलं. शास्त्रज्ञ त्या खाण्याला काहीतरी लांबलचक नाव घ्यायचे. ती सरळ सूप म्हणायची. यीस्टचा अर्क, साखर, मीठ, वासराच्या रक्तातून काढलेलं पिवळसर पाणी, आणि थोडा लाल रंग. जंतू जगले, खायला लागले, की सूप आंबायचं आणि लालाचं पिवळं व्हायचं. नाही जगले तर लाल ते लालच. तीन वर्षं बाटल्या लालच राहिल्या. दर महिन्याला कुणीतरी तिच्या दारात येऊन विचारायचं, "लव्हर्न, सुपात काही बदल केलास का?" ती म्हणायची, "सूप तेच आहे. तुम्ही तुमचा जंतू बदला."

मग मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तिने कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरची चौथी बाटली पिवळी झाली होती. तिने ती हातात घेतली नाही. दार लावलं आणि जाऊन ब्रॅकेटसाहेबांना सांगितलं, "तुमची चौथी बाटली जेवलीय." साहेब जिन्यावरून अक्षरशः धावत आले. नंतर तिच्याकडून एका कागदावर सही घेण्यात आली, बातमी जाहीर होईपर्यंत कुठे बोलायचं नाही म्हणून. तशी सही तिने आधीही दोनदा केली होती.

बातमीच्या दिवशी संस्थेतले फोन इतके वाजायला लागले की हाताला लागेल त्याला बसवलं. लव्हर्नलाही एक फोन दिला. एका बाईला विचारायचं होतं, त्याला आत्मा आहे का. एका माणसाला त्याचा मेलेला कुत्रा परत करून हवा होता, आणि त्याने केस जपून ठेवले होते. एकजण फक्त ओरडला, "तुम्ही स्वतःला देव समजता का?" ती म्हणाली, "मी बाटल्या धुते, साहेब," तर तो जरा गडबडला, सॉरी म्हणाला आणि फोन ठेवला. एक म्हातारी फोनवरच प्रार्थना करायला लागली. चार मिनिटं. मध्येच कसं तोडायचं म्हणून लव्हर्नने शेवटी आमेन म्हटलं. फाटकाशी दोन दिवस एक माणूस 'आदाम पुरे होता' असा फलक घेऊन उभा होता. दुपारी ऊन फार झालं तेव्हा पहारेकऱ्याने त्याला पाणी नेऊन दिलं.

या सगळ्याचं लव्हर्नला काही वाटलं नाही. परक्या माणसांचं काय, ती बोलतात आणि विसरतात. तिला लागलं ते रविवारी.

माउंट नेबो या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये महिन्याच्या चौथ्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण असायचं. प्रत्येक घरून एकेक पदार्थ यायचा. लव्हर्नची मॅकरोनी-चीज बावीस वर्षं येत होती. वरचा खरपूस थर आपल्याला मिळावा म्हणून लोक आशीर्वाद संपायच्या आतच रांगेत सरकायचे. त्या रविवारी तिने ट्रे टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि हात धुवायला गेली. परत येऊन बघते तर ट्रे टेबलाच्या पार टोकाला, कागदी ताटल्यांच्या पलीकडे सरकवलेला. सरकवणाऱ्या होत्या मदर प्रिंगल.

ओडेसा प्रिंगल शहात्तर वर्षांच्या होत्या. मंडळीतली सगळ्यात वडीलधारी बाई म्हणून लहानथोर सगळे त्यांना मदर म्हणत. स्वयंपाकघराचा कारभार त्यांचा. कुठला पदार्थ कुठे ठेवायचा हे त्या ठरवत, आणि त्यांनी एकदा जागा ठरवली की हलवायची कुणाची छाती नव्हती. रांग पुढे सरकली. तळलेली कोंबडी संपली, कोलार्डची पालेभाजी संपली, कुणाचं तरी दुकानातून आणलेलं बटाट्याचं सॅलडसुद्धा संपलं. मॅकरोनीपाशी आले की लोक ताटली छातीशी धरून पुढे जात होते.

"खाऊन बघा की," लव्हर्न एकीला म्हणाली. ती तिच्याच बाकावर बसणारी होती.

"नको गं, पोट भरलंय."

ताटलीत नुसता पावाचा तुकडा होता.

लव्हर्नचा नवरा थर्मन हे सगळं बघत होता. बस चालवण्यात त्याची उमर गेली होती, आणि गर्दीत गप्प बसून सगळं टिपायची त्याला सवय होती. तो उठला, त्याने ट्रेमधून ताटलीभर मॅकरोनी घेतली, हॉलच्या मधोमध बसून खाल्ली. मग दुसऱ्यांदा घेतली. मग तिसऱ्यांदा.

"पुरे की आता," लव्हर्न दबक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टरने काय सांगितलंय तुला?"

"डॉक्टरने सांगितलंय तणाव घेऊ नका. मी घेत नाहीये."

उरलेला ट्रे मांडीवर घेऊन ती घरी आली. घरी आल्यावर तिने मॅकरोनी डब्यांत भरली, डबे फ्रिजमध्ये लावले, ट्रे घासला. तो आधीच स्वच्छ झाला होता तरी घासत राहिली.

"मी काय त्याच हातांनी कालवते काय?" ती एकदम म्हणाली. "हातमोजे घालते. दोन-दोन. घरी आल्यावर आंघोळ करते. शाळेत पोरांना वाढायचे तेव्हा एवढी काळजी घेत नव्हते."

"जंतूंची भीती नाहीये ती," थर्मन म्हणाला.

"मग कसली?"

"ते मला काय ठाऊक? म्हातारीला विचार."

तिने विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी चर्चच्या पास्टर एल्डन व्हीटलींचाच फोन आला. ते जरा अवघडून बोलत होते.

"सिस्टर टॉलिव्हर, रविवारचं मी बघितलं. मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं."

"हवं होतं, पास्टर."

"हो. चुकलंच माझं. मला लोक सारखे विचारतायत की हे पाप आहे का. मी तीन दिवस वाचतोय आणि मला नेमकं काय केलंय तेच कळत नाहीये. जीव बनवला की नाही बनवला?"

"अर्धा," लव्हर्न म्हणाली.

"अर्धा म्हणजे?"

"जिवात एक लांब मजकूर असतो, पास्टर, कसं वाढायचं, काय खायचं याचा. बकऱ्यांच्या एका जंतूचा मजकूर त्यांनी यंत्रात पाहिला, अक्षर न् अक्षर नव्याने जुळवला आणि त्याच्याच भाऊबंदात लागणाऱ्या दुसऱ्या जंतूच्या पोटात घातला. तो नव्या मजकुराप्रमाणे वागायला लागला. मजकूर माणसाचा, पोट देवाचं. मला तरी एवढंच समजतं."

"हे तुम्ही बुधवारी सगळ्यांना सांगाल का?"

बुधवारी संध्याकाळी बायबलचा वर्ग असायचा. एरवी पंधरा माणसं जमत. त्या दिवशी साठ आली. डॉ. ब्रॅकेटना कुठून तरी कळलं आणि ते म्हणाले, मीही येतो. लव्हर्न नको म्हणाली, पण त्यांना वाटलं ती संकोच करतेय. ते पडदा आणि चित्रं घेऊन आले, आणि बोलता बोलता म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. हे म्हणजे नुसतं यंत्र जोडल्यासारखं आहे." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आमेन नाही!" आणि लोक हसले, पण ते हसू गोड नव्हतं; जिवाला यंत्र म्हटलेलं कुणालाच रुचलं नव्हतं. साहेबांना कशाने बिघडलं ते कळेना. त्यांनी आणखी दोन चित्रं दाखवली.

मग मदर प्रिंगल उभ्या राहिल्या. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "मला डॉक्टरांना काही विचारायचं नाही. मला लव्हर्नला विचारायचंय."

लव्हर्न उठली. "विचारा, मदर."

"तिथे काय चाललंय, हे तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"तीन वर्षांपासून. जमलंय हे मार्चपासून."

"ईस्टरला तू माझ्या शेजारी बसली होतीस. पीचचं गोड कॉबलर केलं आपण दोघींनी. तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"मी सही केली होती, मदर. नोकरी आहे माझी."

मदर प्रिंगल पुढे बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "माझी आई आजारी होती तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. दर मंगळवारी एक डॉक्टर यायचा, तिचं रक्त घ्यायचा, वहीत लिहायचा. आईने विचारलं, कशासाठी घेता? तो हसला. आमच्या गल्लीतली एक बाई तिथे साफसफाईला होती. आईवर प्रयोग चाललाय हे तिला ठाऊक होतं, असं आई गेल्यावर कळलं. रोज संध्याकाळी आमच्या दारावरून जायची ती. हात करायची. बोलली कधी नाही. तिचीही नोकरीच होती."

या चर्चमधल्या प्रत्येक घरात अशी एकेक आठवण होती, कुणाच्या आईची, कुणाच्या काकाची.

"तुझ्या हाताला काही लागलंय म्हणून मी ट्रे सरकवला नाही," मदर म्हणाल्या. "तो ट्रे बघितला आणि मला ती बाई आठवली. सरकवला. बास." आणि त्या खाली बसल्या.

लव्हर्नला राग आला होता तो कुठे गेला कळेना. त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. आपण कुणाचं काही लपवतोय असं तिला या तीन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण आपलं काम करतोय, गपगुमान, नीटनेटकं. ती म्हणाली, "मदर, ती बाई तुम्हाला आत घेऊन गेली नाही. मी नेते. जे आहे ते बघा."

डॉ. ब्रॅकेट म्हणाले, "तसं करता येणार नाही, लव्हर्न. नियम आहेत."

"मग नियमांचं बघा, साहेब," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी अशी पहिल्यांदाच बोलली, तेही साठ माणसांसमोर. पास्टर व्हीटलींनी घाईघाईने प्रार्थना सुरू केली.

नियमांचं बघायला नऊ दिवस लागले. शनिवारी सकाळी मदर प्रिंगल जांभळा सूट आणि जांभळी पिसांची हॅट घालून संस्थेच्या दाराशी उतरल्या. आत जायचं तर अंगरखा आणि डोक्याला टोपी घालावी लागते, असं त्यांना सांगितलं.

"डोक्याला आहे की."

"ही नाही, मदर. ही कागदी."

"एवढ्या हॅटवर ती बसेल होय?"

पाच मिनिटं वाद झाला. शेवटी त्यांनी हॅट काढली, आजूबाजूला बघितलं आणि ती डॉ. ब्रॅकेटच्या हातात दिली. पुढचा सगळा वेळ साहेब ती पिसं सांभाळत प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभे राहिले.

लव्हर्नने त्यांना काचेची बशी दाखवली. बशीत बारीक ठिपके होते, ओळखता यावेत म्हणून निळे केलेले, खसखस सांडल्यासारखे.

"हेच?"

"हेच."

"हलत नाहीत."

"नाही. नुसते खातात आणि वाढतात."

"आपल्या चर्चमधला बिल ट्रस्कट पण तेच करतो. त्याचा कुणी पेपरात फोटो छापला नाही." मदर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग मान वर करून काचेपलीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, हे बाहेर सुटलं तर?"

"मरेल," ब्रॅकेट भिंतीतल्या माईकमधून म्हणाले. "रोग लावणारा भाग आम्ही काढून टाकलाय. लव्हर्नच्या सुपाबाहेर ते जगत नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"करून बघितलंय."

"किती वेळा?"

"चौदा."

"बकऱ्यांमध्ये सोडून?"

"नाही... काचेत."

"मग काचेत बघितलंय असं म्हणा."

साहेबांनी हॅट दुसऱ्या हातात घेतली. "काचेत बघितलंय," ते म्हणाले.

"आणि करायच्या आधी कुणाला विचारलंत?"

"अर्थात विचारलं. विद्यापीठातले नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते, दोन धर्मपंडित होते, एक रब्बी. वर्षभर चर्चा केली."

"या गावातलं कोण होतं?"

"कुणी नाही," ब्रॅकेट म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. गावातल्या कुणाला विचारावं हे त्यांना सुचलंच नव्हतं. लव्हर्नला तेवढं कळलं, कारण तिलाही ते सुचलं नव्हतं. ती रोज त्या इमारतीत यायची, गावातलीच होती, पण कुणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी म्हटलं नव्हतं की मला विचारा.

"बरं," मदर प्रिंगल म्हणाल्या. "आता माझी हॅट द्या."

त्या रविवारी पास्टर व्हीटलींनी प्रवचन केलं. तीस मिनिटांत ते तीनदा "मला माहीत नाही" म्हणाले. हे त्या चर्चमध्ये कुणी कधी ऐकलं नव्हतं. गार्विन कुटुंबाला ते अजिबात पटलं नाही. पास्टरनी सरळ धिक्कार करायला हवा होता, असं म्हणून ते पुढच्या महिन्यापासून पलीकडच्या चर्चमध्ये जायला लागले. बाकीचे राहिले. लव्हर्नशी लोक पुन्हा पूर्वीसारखं बोलायला लागले, जरा जास्तच गोड. तिने मात्र जेवणाला मॅकरोनी नेणं बंद केलं. दुकानातले पाव न्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, कंबर दुखते.

जून संपेपर्यंत पेपर दुसऱ्या गोष्टींकडे वळले. फाटकाशी कुणी उभं राहत नव्हतं. फोन थांबले. आत मात्र एक बदल झाला. ब्रॅकेटनी संस्थेच्या वकिलांशी दोन महिने डोकं लावून एक समिती केली आणि तिच्यात गावातली दोन माणसं घेतली: एक निवृत्त अग्निशामक आणि ओडेसा प्रिंगल. नव्या प्रयोगाचे कागद आधी त्यांच्यापुढे यायचे. मदर प्रिंगल भिंग घेऊन बसायच्या. 'अत्यल्प धोका' असं कुठे दिसलं की लाल पेनाने खाली रेघ ओढून बाजूला लिहायच्या, 'किती?' त्यांच्यामुळे पहिलाच प्रस्ताव तीन आठवडे अडकला. शास्त्रज्ञ कुरकुरले. एकजण लव्हर्नच्या दारात येऊन म्हणाला, "ती बाई तुमच्याच ओळखीची ना?"

"आमच्या चर्चमधली आहे."

"काय हवंय काय तिला?"

"विचारा तिला," लव्हर्न म्हणाली. "सांगेल."

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लव्हर्नच मदरना गाडीतून बैठकीला आणायची. गाडीत दोघी ट्रेबद्दल कधी बोलल्या नाहीत. मदरनी माफी मागितली नाही आणि लव्हर्ननेही. एकदा फक्त सिग्नलला गाडी उभी असताना मदर म्हणाल्या, "मी तुला त्या बाईच्या जागी धरायला नको होतं." लव्हर्न म्हणाली, "थोडं बरोबरच होतं ते." सिग्नल सुटला.

सप्टेंबरमध्ये तो प्रस्ताव मतदानाला आला. मदर प्रिंगल विरुद्ध गेल्या, आणि आठास एक असा ठराव मंजूर झाला. पण एक गोष्ट त्यांनी करून घेतली. प्रत्येक बैठकीचा वृत्तान्त, कुणी काय म्हटलं ते सगळं, साध्या भाषेत लिहून गावच्या वाचनालयात ठेवायचा. ब्रॅकेटना ते कबूल करायला तसा त्रास झाला नाही. पहिला वृत्तान्त लिहून झाल्यावर त्यांनी तो आधी लव्हर्नला वाचायला दिला, आणि तिने त्यातले सहा शब्द बदलून घेतले.

महिन्याभराने ती वाचनालयात गेली तेव्हा तिने ग्रंथपालबाईंना विचारलं, ती फाइल कुणी बघतं का.

"तिघांनी बघितली," त्या म्हणाल्या. "त्यातला एक पाऊस थांबायची वाट बघत होता."

गाडीत लव्हर्नने हे मदरना सांगितलं.

"म्हणजे दोघांनी," मदर प्रिंगल म्हणाल्या, आणि पर्समधून भिंग काढून पुढच्या बैठकीचे कागद वाचायला लागल्या.